मित्रमंडळींसोबत कॉमिक कॉनचा एक दिवस: मुंबईकरांसाठी तयारीपासून परतीपर्यंत

आम्ही पाच जण पहिल्यांदा कॉमिक कॉनला, म्हणजे चित्रकथांच्या चाहत्यांच्या मेळाव्याला, गेलो, तेव्हा दिवसाचा मोठा भाग एकमेकांना शोधण्यात गेला. डोंबिवलीची मैत्रीण खेळांच्या दालनात अडकली होती, दोघे जण खाण्याच्या रांगेत होते, मी चित्रकारांच्या टेबलांजवळ उभी होते आणि पाचवा मित्र प्रवेशद्वाराशी आमची वाट पाहत होता. फोन लागत नव्हते. त्यानंतर आम्ही जवळपास दरवर्षी जात आलो आहोत आणि प्रत्येक वेळी थोडे शहाणे होऊन परतलो आहोत. या अनुभवांतून एक गोष्ट मला पक्की कळली. अशा मेळाव्यात मित्रांसोबत जायचे म्हणजे दिवसभर एकमेकांचा हात धरून फिरायचे नसते. कुठे वेगळे व्हायचे आणि कुठे, किती वाजता पुन्हा एकत्र यायचे, हे आधी ठरवून ठेवायचे असते. पुढील सर्व सूचना त्यावरच उभ्या आहेत.

हा मेळावा नेमका कसला असतो

कॉमिक कॉन म्हणजे मोठे पुस्तक प्रदर्शन, असे समजून जाणारा माणूस आत शिरताच गोंधळतो, आणि केवळ रंगीबेरंगी वेशभूषा पाहायला जाणारा माणूस अर्धा मेळावा न पाहताच परततो. अमेरिकेतील सॅन डिएगो येथे १९७० मध्ये काही वाचकांनी मिळून एक लहानसा मेळावा भरवला आणि त्यातून पुढे जगभर ही पद्धत रुजली. भारतात पहिला कॉमिक कॉन फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्लीतील दिल्ली हाटमध्ये भरला. त्या पहिल्या मेळाव्यात ‘अमर चित्र कथा’चे संस्थापक-संपादक अनंत पै यांना जीवनगौरव पुरस्कार देण्यात आला आणि त्यानंतर काही दिवसांतच, २४ फेब्रुवारी २०११ रोजी, त्यांचे निधन झाले. १९६७ मध्ये त्यांनी मुंबईत सुरू केलेल्या त्या मालिकेने घराघरात चित्रकथा नेल्या, त्यामुळे भारतातील या मेळाव्यांची सुरुवात त्यांच्या सत्काराने व्हावी, हे मला फार योग्य वाटते.

आजच्या मेळाव्यात साधारण पाच-सहा वेगवेगळे भाग असतात. प्रकाशकांचे गाळे असतात, परदेशी कॉमिक आणि मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, विकणारे पुस्तकविक्रेते असतात, टी-शर्ट, मग आणि बाहुल्यांसारख्या वस्तूंची दुकाने असतात, संगणकीय खेळांचे दालन असते, कार्यक्रमांसाठी एक मोठा मंच असतो आणि स्वतंत्र चित्रकारांच्या टेबलांची एक रांग असते. या शेवटच्या भागाला सगळीकडे ‘आर्टिस्ट ॲली’ म्हणतात. माझ्या मते हाच मेळाव्याचा प्राण आहे, आणि नवखी मंडळी नेमकी तिथेच सर्वांत शेवटी, दमून गेल्यावर पोहोचतात.

दिवस आणि तिकीट

मेळावा बहुधा शनिवार-रविवारला जोडून असतो आणि प्रत्येक दिवसाचे तिकीट वेगळे घ्यावे लागते. शनिवारी विक्रेत्यांकडे माल पूर्ण असतो, विशेषतः चित्रकारांनी मोजक्याच प्रती छापून आणलेली पुस्तके आणि चित्रे त्या दिवशी हमखास मिळतात. रविवारी दुपारनंतर काही विक्रेते उरलेला माल परत न्यायला नको म्हणून भाव कमी करतात, पण गर्दी वाढलेली असते आणि मुंबईत रविवार म्हटला की रेल्वेचा मेगाब्लॉकही असतो. सर्वांना सुट्टी मिळत असेल तर शनिवार घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिकिटे आगाऊ ऑनलाइन काढावीत आणि शक्य असेल तर एकाच व्यक्तीने सर्वांची काढून प्रत्येकाला ज्याचे त्याचे तिकीट पाठवून द्यावे. प्रत्येकाने त्या तिकिटाचा स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवावा, कारण हजारो माणसे एकाच जागी जमली की प्रवेशद्वारापाशीच इंटरनेट मंदावते आणि मागे रांग लागलेली असताना ईमेल उघडण्याची वाट पाहत उभे राहावे लागते. एकाच्याच फोनमध्ये पाचही तिकिटे ठेवली, तर तो उशिरा आल्यास बाकीचे चौघे बाहेर तिष्ठत राहतात. आमच्याबाबतीत हे एकदा घडले आहे आणि त्या दिवशी सकाळच्या एका चांगल्या कार्यक्रमाला आम्हाला मुकावे लागले. महागडे तिकीट घेतल्यास सोबत काही संग्राह्य वस्तू मिळतात. त्यांतील वस्तूंची यादी नीट वाचून, त्या खरोखर हव्या असतील तरच ते घ्यावे.

आदल्या आठवड्यातली बैठक

मेळाव्याच्या आधी चार-पाच दिवस गटाने एकत्र बसावे, किंवा निदान फोनवर बोलावे. तोवर कार्यक्रमांचे वेळापत्रक आणि पाहुण्यांची नावे बहुधा जाहीर झालेली असतात. आमची पद्धत अशी आहे की प्रत्येकाने कागदावर तीनच गोष्टी लिहायच्या, ज्या हुकल्या तर दिवस वाया गेल्यासारखे वाटेल. तीनपेक्षा जास्त लिहायला परवानगी नाही, कारण दहा गोष्टी लिहिल्या की त्यांतली कोणती महत्त्वाची हे लिहिणाऱ्यालाही कळेनासे होते. मग पाचही कागद शेजारी ठेवायचे. ज्या गोष्टी दोघा-तिघांच्या यादीत आहेत त्या एकत्र करायच्या, बाकीच्या ज्याच्या त्याने एकट्याने किंवा जोडीने करायच्या.

त्यानंतर भेटीच्या वेळा ठरवाव्यात. आम्ही दिवसातून तीन वेळा ठरवतो: दुपारी बारा वाजता, साडेतीन वाजता आणि निघण्यापूर्वी. भेटीची जागा आत गेल्यावर, सर्व जण सोबत असताना, डोळ्यांनी पाहून निश्चित करावी. ‘मंचाजवळ’ किंवा ‘खाण्याच्या ठिकाणी’ असे मोघम ठरवले तर त्याचा काही उपयोग होत नाही, कारण मंचाच्या चारही बाजूंना शेकडो माणसे उभी असतात. एखाद्या गाळ्याचा क्रमांक, क्रमांक घातलेला खांब किंवा प्रवेशद्वारावरील पाटी अशी न हलणारी खूण निवडावी. ठरलेल्या वेळेनंतर दहा मिनिटे थांबायचे आणि जो आला नाही त्याला सोडून पुढे जायचे, हा नियमही आधीच मान्य करून घ्यावा, म्हणजे कुणाला राग येत नाही.

पैशांचे गणितही याच बैठकीत करावे. प्रत्येकाने आपल्याला खर्च करायची रक्कम ठरवून तिचे दोन भाग करावेत, एक चित्रकारांसाठी आणि एक बाकी सगळ्यासाठी. छापील टी-शर्ट, किल्ल्यांची साखळी, मग या वस्तू वर्षभर कुठेही मिळतात. चित्रकाराने स्वतः काढून, स्वतः छापून आणलेली सोळा पानांची पुस्तिका मात्र त्या टेबलाखेरीज कुठे मिळेलच असे नाही. आत यूपीआय चालते, परंतु नेटवर्क कोलमडले की चालत नाही, म्हणून थोडी रोख रक्कम, तीही शंभर-दोनशेच्या सुट्या नोटांत, जवळ असावी.

वेशभूषा करायची असेल तर

आवडत्या पात्राची वेशभूषा करून येणे, म्हणजे कॉसप्ले, ही पूर्ण ऐच्छिक गोष्ट आहे आणि साध्या कपड्यांत आलेल्या माणसाला तिथे कुणी कमी लेखत नाही. पण करायची असेल तर तयारीला किमान महिनाभर द्यावा. मुंबईत राहणाऱ्याला एक मोठी सोय आहे ती म्हणजे दक्षिण मुंबईच्या बाजारपेठा. कापडासाठी मंगलदास मार्केट, लेस, जरी, बटणे आणि काठांसाठी भुलेश्वर, रंगीत कागद, फोम आणि हस्तकलेच्या साहित्यासाठी क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट, विजेच्या लहान दिव्यांसाठी लोहार चाळ आणि इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांसाठी लॅमिंग्टन रोड, या सर्व जागा एका दिवसात पायी आणि बसने उरकता येतात. कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास जावे. रविवारी यांतली बरीच दुकाने बंद असतात.

चिलखत, शिरस्त्राण किंवा ढाल यांसाठी धातू किंवा लाकूड वापरू नये. ते जड होते, लोकलमध्ये नेता येत नाही आणि सुरक्षा तपासणीत अडवले जाण्याचा संभव असतो. त्याऐवजी दाट फोमचे तक्ते वापरावेत. असा फोम मिळाला नाही तर व्यायामाची जुनी चटई चालते. आधी जुन्या वर्तमानपत्राचा नमुना कापून अंगावर बसवून पाहावा, मग तो फोमवर ठेवून धारदार कटरने कापावा, वाक हवा असेल तिथे गरम हवेच्या यंत्राने किंवा इस्त्रीच्या उबेने हळूहळू वळवावा आणि सांधे चिकटवावेत. फोमवर थेट रंग लावला तर तो रंग पितो आणि पृष्ठभाग डागाळलेला दिसतो, म्हणून आधी फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून त्याचे दोन-तीन हात द्यावेत, ते पूर्ण वाळू द्यावेत आणि मगच ॲक्रिलिक रंग लावावा. हे काम उघड्या खिडकीजवळ करावे, कारण चिकटद्रव्याचा आणि तापलेल्या फोमचा वास बंद खोलीत सहन होत नाही.

शस्त्रे खोटी असली तरी त्यांना टोक किंवा धार असू नये. प्रत्येक मेळाव्याचे नियम संकेतस्थळावर दिलेले असतात आणि ते अक्षरशः पाळावेत, कारण तपासणीच्या टेबलावर वाद घालून काही साध्य होत नाही. लांब भाला किंवा पंख असतील तर ते दोन-तीन तुकड्यांत सुटे करता येतील असे बनवावेत.

उष्णतेचा विचार मात्र सर्वांत आधी करावा. परदेशी छायाचित्रांत पाहिलेला जाड झगा मुंबईच्या दमट हवेत तासाभरात असह्य होतो. आत सुती बनियन घालावी, मुखवटा सहज काढता येईल असा करावा आणि पाणी पिण्यासाठी तो काढायला दुसऱ्याची मदत लागणार नाही हे घरीच तपासावे. संपूर्ण वेश चढवून घरात दोन तास वावरून पाहावे, खाली बसावे, जिना चढावा, स्वच्छतागृहात जाता येते का तेही पाहावे. ज्यांना नाटकाची रंगभूषा ठाऊक आहे त्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी नोंद करते: चेहऱ्यावर लावायचा रंग चेहऱ्यासाठीच बनवलेला असावा, चित्रकलेचा ॲक्रिलिक रंग त्वचेवर कधीही लावू नये, आणि नवा रंग आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावा.

एका डबीत सेफ्टी पिना, सुई-दोरा, दुहेरी चिकटपट्टी, जलद चिकटणारा गोंद, चार रबरी पट्ट्या आणि ओले रुमाल ठेवावेत. गटात एकाने जरी वेश केला असेल तरी ही डबी वेश न केलेल्या मित्राच्या पिशवीत असावी. कपडे बदलण्याची सोय आत असेलच असे गृहीत धरू नये. घरून अर्धा वेश घालून निघावे, वर सैल सदरा किंवा ओढणी घ्यावी आणि उरलेले भाग तिथे जाऊन चढवावेत.

प्रवास

मुंबईत असे मेळावे गोरेगाव पूर्वेच्या नेस्को संकुलात आणि वांद्रे-कुर्ला संकुलात झालेले आहेत. तिकिटावरची जागा वाचूनच मार्ग आखावा, कारण मागच्या वर्षीच्या आठवणीवर विसंबून निघणारे लोक मी पाहिले आहेत.

नेस्कोला जायचे असेल तर पश्चिम रेल्वेने राम मंदिर स्थानक जवळ पडते, पण तिथे फक्त धीम्या गाड्या थांबतात; जलद गाडीने आलात तर अंधेरीला उतरून धीमी गाडी घ्यावी. मध्य रेल्वेवरून, म्हणजे ठाणे, डोंबिवली, कल्याणकडून येणाऱ्यांनी घाटकोपरला उतरून मेट्रो १ ने वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे स्थानक गाठावे, तेथून पादचारी पुलाने गुंदवली स्थानकात जावे आणि मेट्रो ७ ने गोरेगाव पूर्व येथे उतरावे. दादरला गाडी बदलण्याची धक्काबुक्की त्यामुळे टळते, आणि हातात फोमची ढाल असेल तर हा मार्ग फारच सोयीचा ठरतो. हार्बर मार्ग गोरेगावपर्यंत वाढवलेला असल्याने नवी मुंबईकरांना वडाळ्याला गाडी बदलून येता येते.

वांद्रे-कुर्ला संकुलासाठी मेट्रो ३ चे स्वतंत्र स्थानक आहे. वांद्रे पूर्व किंवा कुर्ला पश्चिम येथून बेस्टची बस आणि शेअर रिक्षाही मिळते, मात्र संध्याकाळी परतताना रिक्षांची वाट पाहण्यात बराच वेळ जातो, म्हणून येतानाच परतीचा रस्ता नजरेखालून घालावा.

रविवार निवडला असेल तर शनिवारी रात्रीच मेगाब्लॉकची बातमी पाहावी. ब्लॉक साधारणपणे सकाळी अकराच्या सुमारास सुरू होऊन दुपारी चारच्या आसपास संपतो, त्यामुळे दारे उघडण्याच्या वेळी पोहोचायचे असेल तर ब्लॉक लागण्यापूर्वी निघणे भाग असते. लवकर निघाल्याने गर्दीही कमी लागते. पोहे, उपमा किंवा घरातला पोटभर नाश्ता करून निघावे. आत पहिले खाणे बाराला मिळाले तरी चालेल इतके पोट भरलेले असावे.

पिशवी पाठीवरची घ्यावी, खांद्यावरची नको. तिच्यात पॉवर बँक, छोटी वही, पेन्सिल, आधार कार्डाची प्रत, डोकेदुखीची नेहमीची गोळी आणि पुठ्ठ्याची नळी असावी. ही नळी, म्हणजे नकाशे किंवा कॅलेंडर गुंडाळून ठेवतात तशी, फार मोलाची वस्तू आहे. चित्रे विकत घेतल्यावर ती हातात धरून सहा तास फिरल्यास कोपरे चुरगळतातच. पहिल्या वर्षी मी घेतलेले एक सुंदर चित्र संध्याकाळी लोकलच्या गर्दीत मधोमध दुमडले गेले आणि ती घडी आजही दिसते. लहान आकाराच्या चित्रांसाठी दोन जाड पुठ्ठे आणि रबर बँड पुरतात. बूट जुने, पायाला सरावलेले असावेत. बाहेरचे खाणे-पिणे आत नेऊ देतात की नाही हे नियमांत पाहावे. रिकामी बाटली सोबत ठेवावी.

आत गेल्यावरचे पहिले दोन तास

आत शिरल्यावर समोरच मोठमोठे गाळे, दिवे आणि आवाज असतो, आणि पाय आपोआप तिकडे वळतात. तिकडे वळू नये. भेटीची जागा ठरवावी आणि सर्वांनी मिळून सरळ चित्रकारांच्या टेबलांकडे जावे. सकाळी तिथे गर्दी कमी असते, चित्रकार ताजेतवाने असतात आणि त्यांना बोलायला वेळ असतो. दुपारी तीन वाजता त्याच टेबलापाशी चार-चार जण दाटीने उभे असतात आणि तुमचा प्रश्न त्यांना ऐकूही येत नाही.

पहिल्या फेरीत काहीही विकत न घेता पूर्ण रांग पाहून यावी. वहीत टेबलाचा क्रमांक आणि आवडलेल्या गोष्टीचा एक शब्द लिहावा. दुसऱ्या फेरीत थांबावे, पुस्तक उघडून पाहण्याची परवानगी मागावी आणि बोलावे. ‘छान आहे’ इतकेच म्हणून पुढे जाण्याऐवजी काही नेमके विचारावे: ही चौकट इतकी रुंद का ठेवली, शाईकाम ब्रशने केले की टॅबलेटवर, आधी गोष्ट लिहिता की आधी पात्र काढता, संवादाच्या फुग्यांतली अक्षरे हाताने लिहिली आहेत का. असा प्रश्न आला की चित्रकाराचा चेहरा खुलतो आणि मग तो तुम्हाला मागे ठेवलेली कच्च्या रेखाटनांची वहीसुद्धा काढून दाखवतो. एका तरुण चित्रकाराने आम्हाला लोकलच्या डब्यात उभ्याने काढलेली प्रवाशांची रेखाटने दाखवली होती, डुलक्या घेणारी, भाजी निवडणारी, दारात लटकणारी माणसे, आणि गाडी हलली की रेघ कुठे थरथरली आहे तेही बोटाने दाखवले होते. ती वही विक्रीला नव्हती. संपूर्ण मेळाव्यातला तो अर्धा तास मला सर्वांत जास्त आठवतो.

इथे भाव करू नये. फॅशन स्ट्रीटवर किंवा क्रॉफर्ड मार्केटमध्ये भाव करणे हा व्यवहाराचाच भाग आहे, पण चित्रकाराने छपाईचा खर्च, टेबलाचे भाडे आणि प्रवास स्वतः केलेला असतो, आणि दोन दिवसांच्या विक्रीतून तो भरून निघेल की नाही याची त्याला धास्ती असते. परवडत नसेल तर लहान वस्तू घ्यावी, एखादे स्टिकर किंवा पोस्टकार्ड, किंवा काहीच न घेता मनापासून बोलून, त्यांच्या कामाचा पत्ता वहीत टिपून पुढे जावे. चित्राचा फोटो काढण्यापूर्वी विचारावे. अनेकांना त्यांचे काम तसे पसरलेले आवडत नाही.

स्वतःचे किंवा मित्रांचे चित्र काढून घ्यायचे असेल तर ती मागणी सकाळीच नोंदवावी. चित्रकार दिवसाला मोजकीच चित्रे हाती घेतात. किंमत, आकार, रंगीत की काळे-पांढरे आणि किती वाजता मिळेल, या चार गोष्टी स्पष्ट विचाराव्यात आणि दिलेल्या वेळेला घेऊन जावे. आमच्या गटाने एकदा पाच जणांचे एकत्र चित्र काढून घेतले, त्यासाठी सर्वांनी समान पैसे काढले आणि मूळ चित्र चिठ्ठी टाकून एकाच्या घरी गेले; बाकीच्यांनी चित्रकाराच्या परवानगीने प्रत करून घेतली.

पुस्तके घेताना

आपल्याकडच्या चित्रकथांचा इतिहास थोडा माहीत असेल तर जुन्या अंकांच्या गाळ्यावर अधिक रमता येते. टाइम्स समूहाने १९६४ मध्ये सुरू केलेल्या इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी आवृत्तीतून आपल्या आधीच्या पिढीने वेताळ (म्हणजे फँटम) आणि जादूगार मँड्रेक वाचले. आबिद सुरती यांचा बहादूर हा नायक १९७६ मध्ये त्याच मालिकेतून आला. अमर चित्र कथेची पाने रंगवणाऱ्यांत राम वाईरकर आणि प्रताप मुळीक ही नावे होती, आणि पुढे नागराज या हिंदी कॉमिकमधल्या नायकाला आरंभीचे रूप देणारेही प्रताप मुळीकच होते. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१ पासून रोजच्या वर्तमानपत्रातून घरात येत होता. हे सांगायचे कारण असे की गटातल्या ज्या मित्राला ‘हे सगळे परदेशी आहे, मला त्यातले काही कळत नाही’ असे वाटते, त्याला आधी या गाळ्यावर न्यावे. आमच्या वकील मित्राला तिथे त्याच्या वडिलांनी जपलेल्या अंकांपैकी एक दिसला आणि त्यानंतर तो दिवसभर आमच्यापेक्षा उत्साहाने फिरला.

जुना अंक घेताना चार गोष्टी पाहाव्यात: मधली जोडपाने जागेवर आहेत का, टाचण्या गंजून कागदाला डाग पडले आहेत का, मुखपृष्ठ मूळ आहे की रंगीत छायाप्रत, आणि कोडी किंवा कूपन कापलेले आहे का. किंमत जास्त वाटली तर घाई करू नये. हुतात्मा चौकाजवळच्या किंवा माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या पदपथावरील जुन्या पुस्तकविक्रेत्यांकडेही असे अंक अधूनमधून सापडतात.

मांगा पहिल्यांदा घेणाऱ्याने लक्षात ठेवावे की तो उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो. आपल्याला जे मागचे पान वाटते तिथून गोष्ट सुरू होते. मालिकेचा पहिला खंडच घ्यावा, मुखपृष्ठ आवडले म्हणून सातवा घेऊ नये. महागड्या बाहुल्या आणि मूर्ती घेताना खोक्यावरील छपाई, निर्मात्याचे नाव आणि रंगकामाची सफाई तपासावी आणि पावती मागावी.

दुपार, मंच आणि फोटो

एक ते अडीच या वेळेत खाण्याच्या गाळ्यांवर सर्वाधिक गर्दी असते. बाराच्या भेटीनंतर लगेच खाऊन घ्यावे किंवा थेट तीनला खावे. खाल्ल्यावर हात साबणाने धुऊन, कोरडे करूनच पुन्हा पुस्तकांना हात लावावा. तेलाचा एक ठसा कागदावर कायमचा राहतो.

मंचावरचा जो कार्यक्रम दोघा-तिघांच्या यादीत असेल त्याला वीस-पंचवीस मिनिटे आधी जाऊन बसावे. त्या निमित्ताने पायांनाही विश्रांती मिळते. प्रश्न विचारण्याची संधी मिळाली तर एकच प्रश्न, एका वाक्यात विचारावा. पाहुण्याची सही हवी असल्यास पक्क्या शाईचे मार्कर जवळ ठेवावे आणि गुळगुळीत मुखपृष्ठावर सही घेतल्यास ती वाळेपर्यंत पुस्तक मिटू नये.

वेशभूषा केलेल्या व्यक्तीचा फोटो काढण्यापूर्वी विचारणे अनिवार्य आहे, आणि खांद्यावर हात ठेवण्यापूर्वी वेगळे विचारणे तितकेच अनिवार्य आहे. वेश कितीही नाट्यमय असला तरी आत एक माणूस असतो, अनेकदा शाळा-कॉलेजातली मुलगी असते, आणि तिने तो वेश परवानगी म्हणून घातलेला नसतो. कुणी पाणी पीत असेल, जेवत असेल किंवा वेश दुरुस्त करत असेल तर थांबावे. गटातल्या कुणाला त्रास झाला किंवा होताना दिसला, तर लगेच स्वयंसेवकाला सांगावे आणि त्या मैत्रिणीला एकटीला सोडू नये. या एका बाबतीत वेगळे फिरण्याचा नियम बाजूला ठेवावा.

वेशभूषा स्पर्धेत भाग घ्यायचा असल्यास नोंदणीची वेळ सकाळीच पाहून ठेवावी. बाकीच्यांनी त्या वेळी मंचाजवळ असावे. आपली माणसे समोर दिसली की मंचावर उभे राहण्याची भीती कमी होते.

परतताना

शेवटच्या भेटीची वेळ मेळावा संपण्याच्या किमान पाऊण तास आधीची ठेवावी. सगळे जण एकदम बाहेर पडले की स्थानकापर्यंतचा रस्ताच पुढे सरकत नाही. निघण्यापूर्वी काढून घेतलेली चित्रे, ठेवायला दिलेल्या पिशव्या आणि वेशाचे सुटे भाग मोजून घ्यावेत. मग स्थानकाजवळच्या एखाद्या उडुपी हॉटेलात बसावे, डोसा आणि कॉफी मागवावी, आणि टेबल पुसून झाल्यावर प्रत्येकाने आपण काय घेतले ते दाखवावे. दिवसभर वेगळे फिरलेल्या पाच जणांना एकमेकांचा दिवस या वेळी कळतो. कॉफीचे कप दूर सरकवायला विसरू नये.

घरी पोहोचल्यावर चित्रे नळीतून काढून सपाट, जड पुस्तकाखाली ठेवावीत. नळीत आठवडाभर राहिली तर ती सहजी सरळ होत नाहीत. कॉमिक अंक पॉलिप्रॉपिलिनच्या पारदर्शक पाकिटात, मागे आम्लविरहित पुठ्ठा घालून ठेवावेत. हल्लीच्या अमेरिकी अंकाचा आकार सुमारे ६.६ × १०.२ इंच असतो, तर आपले जुने अंक वेगळ्या मापाचे असतात, म्हणून पाकिटे घेण्यापूर्वी अंक मोजावा. अंक आडवे रचू नयेत, खोक्यात उभे ठेवावेत, इतके सैलही नको की वाकतील. खोके बाहेरच्या भिंतीला लागून किंवा स्नानगृहाला लागून असलेल्या कपाटात ठेवू नये, कारण मुंबईत ओल भिंतीतूनच येते. सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि दर वर्षी मेच्या अखेरीस, पाऊस सुरू होण्याआधी, खोके उघडून पुड्या बदलाव्यात, अंक एकेक करून पाहावेत आणि कुठे बुरशीचा ठिपका दिसलाच तर तो अंक लगेच बाकीच्यांपासून वेगळा करावा.